उतारास स्थगिती मिळणेबाबत

सुंदराबाई उतार उतरून खाली पोचल्या. पडल्या नाहीत, पाय मुरगळला नाही, काँक्रीटच्या खाचेत टाच अडकली नाही, आणि खाली टेंपोपाशी उभ्या असलेल्या हिरामणच्या उजव्या कानापाशी तोंड नेऊन त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. गोष्ट इथे संपली. पण हे सगळं घडलं असं त्यांचा मुलगा देवेश मानायला तयार नाही. त्याच्या लेखी आई अजून वर पहिल्या खाचेपाशीच आहे, एक पाय अधांतरी. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. कोणी कुठे उतरलेलं नाही, उतार जागच्या जागी आहे, आणि काही दिवस मागे देवेश कर्जतच्या बाजारात शेगडीचा बर्नर पिशवीत घालून उभा आहे.

बर्नर साफ करून घ्यायला तो आला होता. ज्योत एका बाजूनेच पेटत होती आणि भाकरी अर्धी पौर्णिमा, अर्धी अमावास्या अशी भाजली जात होती. सुट्टीचा दिवस, शेगडीवाल्याचं दुकान उघडायला वेळ, म्हणून तो एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत नुसताच उभा राहिला, आणि तिथे त्याला त्या टाचा दिसल्या. मरून रंगाच्या, वर जाड आणि खाली येता येता विचार बदलून बारीक झालेल्या. देवेशला चप्पल आधी दिसते, माणूस मागाहून, आणि तोही लागला तर. खालापूरजवळ एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलमध्ये तो टेबलं पुसायचं काम करतो. टेबल पुसताना मान खाली असते आणि मान खाली असली की जग म्हणजे पाय. मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला जाणारे सगळे पाय त्याने पाहिले आहेत. नऊवारीखाली पांढरे बूट घालायची पद्धत कोणत्या दिवाळीत आली ते त्याला आठवतं. पुरुषांनी मोज्यांवर सपाता घालायला सुरुवात केली तेव्हा त्याला आधी वाटलं की एखाद्याचा बूट चोरीला गेला असेल. मग एकाच बसमधून सहा-सात तसे उतरले, आणि एवढी मोठी चोरी झाली असती तर बातमी आली असती. क्रॉक्स घातलेले लोक जास्त भजी मागतात. शनिवारी कोल्हापुरी घालून फार्महाऊसला गेलेली जोडपी रविवारी पायाला पट्टी लावून परत येतात. उंच टाचांच्या बायकांची गोष्ट वेगळी. लेडीज वॉशरूमच्या बाहेर गटारावर लोखंडी जाळी आहे आणि तिच्या फटी जणू मापं घेऊनच पाडलेल्या, त्यामुळे दिवसाला कोणी ना कोणी तिथे रोवलेली असते. मग सुपरवायझर हाक मारतो, "देव्या, जाळी," आणि देवेश जाऊन गुडघ्यावर बसतो. ओढायचं नाही, फिरवायचं. पाव वळण डावीकडे, आणि टाच सुटते. वरून 'थँक्यू भय्या' येतं. त्या आवाजाला चेहरा होता का, हे त्याने कधी तपासलेलं नाही.

तर त्या मरून टाचा. त्यांच्या वर एक भेगाळलेली खोट होती, खोटेच्या वर घोटा, आणि घोट्यावर गरम उलथन्याचा चिंचोक्याएवढा डाग. हा डाग देवेशला स्वतःच्या नावाच्याही आधीपासून ठाऊक होता. चुलीपुढे गोधडीवर पालथं पडलेलं असताना डोळ्यांच्या रेषेत जे काही असतं ते म्हणजे आई, आणि त्या रेषेत हा डाग होता. त्याने वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर चेहरा दिसला असता, आणि चेहरा दिसला की काहीतरी बोलावं लागतं. तो प्लास्टिकच्या बादल्या आणि टमरेलं टांगलेल्या दुकानाआड सरकला आणि एका निळ्या टबाच्या खालून पाहत राहिला. ते पाय भिंतीच्या कडेने निघाले. नुकतं उभं राहिलेलं वासरू जसं पायांना एकेक करून विचारत चालतं, तसे. रद्दीवाल्याच्या ओट्यापर्यंत गेले, वळले, वळताना थांबले, परत आले. मग ओट्यावर बसून त्यांनी टाचा काढल्या, रबरी स्लिपर घातली, टाचा फडक्यात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या, आणि ते पुन्हा आईचे पाय झाले, खालापूरच्या एस.टी.कडे चालू लागले. कुंभिवलीच्या धाब्यावर ती तांदळाच्या भाकऱ्या भाजते. तिला उशीर झाला असणार.

"टब पायजे का?" दुकानदाराने विचारलं.

"नको. बघतोय."

"टबात काय बघायचं असतं?"

देवेशने टबाकडे गांभीर्याने पाहिलं. "खालून चांगला हाय," तो म्हणाला.

बर्नर साफ होईपर्यंत त्याच्या मनात एकच विचार फिरत राहिला, आणि तो टाचांचा नव्हता. तो बाबांच्या चपलांचा होता. पदू, म्हणजे देवेशचे बाबा, भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत माळी होते. जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या चपला दारात डाव्या बाजूला तशाच होत्या. टायरच्या तळव्याच्या, बाहेरच्या अंगाने झिजलेल्या, कारण बाबा जरा फाकून चालायचे, दोन रोपांच्या मधून जात असल्यासारखे. आई त्यांना दर आठवड्याला खोबरेल लावायची. दारात पुरुषाची चप्पल असली की अनोळखी माणूस एक पायरी खाली उभा राहून बोलतो, असं ती सांगायची, आणि ते खरं होतं. गॅसवाला, मीटर बघायला येणारा, मतं मागायला येणारे, सगळे त्या चपलांशी अदबीने वागायचे. देवेशचं पायांकडे बघणंही तिथूनच सुरू झालं असावं. बाबा गेले त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असायचं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच एक चेहरा. तो बघवेना म्हणून देवेश बाहेर पायरीवर बसून चपलांचा ढीग बघायचा. चपला दुःखी नव्हत्या. एकमेकींवर चढत होत्या, उलट्या पडत होत्या, एखादीचा अंगठा दुसरीच्या पोटात. त्या गर्दीत बाबांची जोडी मधोमध होती, आणि लांबून कळत नव्हतं की तिचा माणूस आत नाही. संध्याकाळी सगळे निघाले, ढीग उसवत गेला, आणि शेवटी ती एकच जोडी राहिली. आतून आई म्हणाली, "देवेश, कोण राहिलंय रं अजून?" तिने बाहेर येऊन पाहिलं, आणि जोडी सरळ करून ठेवली.

आणि त्या चपला गेले काही दिवस दारात नव्हत्या. डाव्या बाजूला सारवलेल्या जमिनीवर दोन फिकट तळवे तेवढे उरले होते. देवेशने विचारलं नाही. विचारायच्या ऐवजी तो फूड मॉलमध्ये टायरचे तळवे शोधू लागला, जणू बाबा पुण्याला निघालेत आणि वाटेत मिसळ खायला थांबणार आहेत. आता त्यात या टाचांची भर पडली. घरातून एक जोडी गेली आणि एक आली. हिशेब इतका सोपा होता की बोटंही मोजावी लागली नाहीत. कोणीतरी आहे, त्याच्यासाठी टाचा आल्या, आणि त्याच्याच पायात बाबांच्या चपला गेल्या. तो कोण हेही अवघड नव्हतं. धाब्याला लागून हिरामणचं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या वर्षी धाब्यावर आईचा दुसरा पाय भाजला तेव्हा त्यानेच तिला टेंपोने घरी सोडलं होतं. आणि तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही. आधी घ्यायची.

म्हणून दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर देवेश कुंभिवलीला हिरामणचे पाय बघायला गेला. जाताना काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. पायात चपला दिसल्या तर म्हणायचं, 'काढा.' बस्स, एकच शब्द. मग त्या हातात घेऊन अनवाणी हिरामणला तिथे सोडून निघून यायचं. मागे कंप्रेसर धडधडत असेल, ट्रक जात असतील. हा प्रसंग त्याला फार आवडला. प्रत्यक्षात हिरामण एका ट्रकच्या चाकाशी बसला होता आणि उभा राहिला तेव्हा उभा राहतच राहिला. एवढा उंच माणूस पंक्चरच्या धंद्यात वाया गेला असं कोणालाही वाटावं.

"कुठली गाडी?" त्याने उजवा कान पुढे करून विचारलं.

"गाडी नाय."

"पंक्चर कुठाय मग?"

"नाय पंक्चर."

"हवा भरायचीय?"

"नाय."

"मग बस," हिरामण म्हणाला, आणि त्याने टायरवरची धूळ झटकली. "सुंदराबायचा ना तू?"

देवेश टायरवर बसला. बसल्यावर पाय समोरच आले. हिरामणच्या पायात मागची पट्टी तुटलेले हिरवे क्रॉक्स होते आणि पाऊल इतकं मोठं की मागून खोट चार बोटं बाहेर लोंबत होती. बाबांच्या चपलेत या पायाचा अंगठा फार तर पाहुणा म्हणून गेला असता. देवेशला इतकं हलकं वाटलं की त्याला तो माणूस एकदम आवडूनच गेला, आणि मग आवडला म्हणून राग आला. 'काढा' हा शब्द तोंडात तसाच राहिला. हिरामणने चहा सांगितला. दोघे काही न बोलता प्यायले, कारण कंप्रेसर चालू होता, आणि बंद झाल्यावरही प्यायले. निघताना हिरामण म्हणाला, "मी तुला काय इचारणार नाय. तिला इचारलंय. ती काय म्हनंल ते." आणि मग उगाच देवेशच्या बुटाकडे बघून, "सोल सुटलाय तुझा. दे, चिकटवून देतो." टायरचं सोल्युशन लावून त्याने तो चिकटवला. तो बूट आता जन्मात सुटणार नव्हता.

घरी आई साफ केलेल्या बर्नरवर भाकरी टाकत होती आणि ज्योत सगळीकडून पेटत होती. देवेश तिच्या मागे पाटावर बसला. पुढ्यात तो डाग होता, आपल्या जागी. मनात जे होतं ते विचारायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"बाबांच्या चपला कुठं गेल्या गं?"

तिने भाकरी उलटली. "शनीला सोडल्या."

"शनीला?"

"शनी-अमावास्येला गेलते नाय का. तुझं लगीन जमत नाय म्हनून. तिथला गुरव म्हनला, घरातल्या कर्त्या पुरुषाची चप्पल हितं सोड आन घरी जा, मागं वळून बघू नको. पीडा चपलंबरोबर ऱ्हाती."

"मग माझी न्यायची होती."

"तेच तर," आई म्हणाली. "कर्ता पुरुष म्हनल्यावर हात आपोआप तिकडं गेला. पिशवीत घातल्या, देवळात नेल्या, सोडल्या, परत फिरले. मिनीडोअर रिक्षामधी बसले तवा ध्यानात आलं, की अगं, तो कुठं हाय आता. कर्ता हा हाय. पर मागं वळून बघायचं नाय म्हनलेलं."

भाकरी फुगली.

"म्हणजे बाबांची साडेसाती उतरली," देवेश म्हणाला.

"उतरली म्हनायची."

"आता त्यांचं चांगलं होईल."

"होऊ दे बापडं. बढती मिळंल."

"माझी मात्र हाय तशी हाय."

"तुझी हायच," आई म्हणाली, आणि मग दोघे हसायला लागले. हसता हसता भाकरी करपली, एकसारखी, सगळ्या बाजूंनी. आईचं हसणं थांबलं तेव्हा तिने पदराने नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी आणायला गेलते मी. नव्हत्या. कोनतरी घालून गेला. मला वाटलं रडू येईल, पर नाय आलं. इतकी वर्सं दारात बसून होत्या रं त्या. चालतायत कुठंतरी."

देवेशच्या डोळ्यांपुढे त्या चपला निघाल्या. त्यांच्यात माणूस नव्हता. आपल्याआपणच, जरा फाकून, दोन रोपांच्या मधून, टोलनाक्यावर न थांबता. त्याला वाटलं की आपण इतके दिवस त्यांना शोधत होतो ते पकडायला नव्हे, रस्ता नीट ओलांडतायत ना ते बघायला. आईने तवा उतरवला आणि पाठमोरीच म्हणाली, "आता दुसरं इचार."

"दुसरं काय?"

"टबाच्या मागं उभा ऱ्हाऊन बघत होतास ते. तुझे बूट मला वळखू येत नाय व्हय?"

पिठाच्या पिंपातून तिने फडकं काढलं आणि टाचा त्याच्यापुढे ठेवल्या. त्यांच्यावर तांदळाचं पीठ बसलं होतं. अशा स्थिर, रिकाम्या टाचा देवेशने कधी पाहिल्या नव्हत्या. त्या नेहमी कुठेतरी निघालेल्या असत. हिरामणने लग्नाचं विचारलंय आणि आपण अजून उत्तर दिलेलं नाही, एवढं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "त्याला डाव्या कानानं नाय येत ऐकू. उजव्यानं थोडं येतं. आन मी ही अशी बुटकी, आन आवाज हा असा. भाकरी गरम देऊ का इचारलं तरी समोरच्या पंपावर कळतं. हे असलं वरडून सांगायचं? समद्या हायवेला?"

"स्टुलावर उभी राहा."

"स्टूल घेऊन फिरू बाजारात?"

"त्याला वाकायला सांग मग."

आईने एका टाचेवरचं पीठ फुंकलं. बाबा उंचीने तिच्याएवढेच होते, देवेशला आठवलं. दोघं अंगणात उभी राहून बोलायची तेव्हा ओठ हलताना दिसायचे आणि काही ऐकू यायचं नाही. त्यांचं काय बोलणं होतं ते त्याला कधीच कळलं नाही, आणि आता ते विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. घरातला तेवढाच आवाज बाबांबरोबर गेला होता, तो हळू आवाज. त्यानंतर आई देवेशशी, शेजाऱ्यांशी, कोंबड्यांशी एकाच पट्टीत बोलत आली.

"वाकतो तो," आई म्हणाली. "पर वाकला की पोराशी बोलल्यावानी वाकतो. तसं नको मला. ह्या घातल्या तरी मी काय कानापर्यंत पोचत नाय. तो जरा मान कलती करंल, मी जरा उंच होईन, मधी कुठंतरी भेटू." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं म्हणून त्यालाही वर बघावं लागलं, आणि चेहरा दिसला. तो त्याला वाटत होता त्यापेक्षा लहान होता. "तू काय म्हनतोस?"

म्हणायचं पुष्कळ होतं. हे घर, ही शेगडी, संध्याकाळी कोण राहिलंय रं म्हणून कोण विचारणार. टाचेवर पाऊल टाकून आई त्या उतारावरून एकदा खाली गेली की वर कोण येतं कुणास ठाऊक. त्याला वाटलं आपण 'नको' म्हणावं, आणि त्याच वेळी वाटलं की हा शब्द फार मोठा आवाज करेल.

"उतारावर सरळ चालायचं नसतं," तो म्हणाला. "तिरकं जायचं. खेकड्यासारखं."

आईने मान हलवली, जणू तिने हेच विचारलं होतं.

मग रोज सकाळी अंगणात शिकवणी सुरू झाली. जाळीतून टाचा सोडवणारा माणूस टाचांविषयी जे काही जाणतो ते सगळं देवेशने सांगितलं, आणि ते फारसं नव्हतं; अडकल्यावर काय करायचं एवढंच त्याला येत होतं, न अडकता कसं जायचं ते दोघांनी मिळून शोधलं. "बोटं आवळून नको धरूस," तो म्हणायचा. "तू पड की मग," ती म्हणायची. सारवलेल्या अंगणात टाचांची भोकं उमटली, ओळीने, जणू एखादा जड पक्षी विचार करत दाणे टिपून गेला. समोरच्या गौराबाईने पायरीवर बसून तांदूळ निवडता निवडता सगळं पाहिलं.

"सुंदरे, पायाखाली काय गं घेतलंस, पाट?"

"डॉक्टरनं सांगितलंय," आईच्या आधी देवेश म्हणाला.

"कशाला?"

"वरची हवा घ्यायला."

गौराबाईने तांदळातला खडा फेकला. "चांगला हाय की डॉक्टर," ती म्हणाली. "मला पन दाव एकदा." आणि गावात काय बोललं जाईल याची जी धास्ती देवेशने पोटात धरली होती ती त्या खड्याबरोबर कुठेतरी जाऊन पडली. सगळी नाही, थोडी राहिली.

हिरामणला उत्तर द्यायच्या ठरल्या दिवशी सकाळी आई आत केस विंचरत होती. खाली डांबरी रस्त्यावर टेंपो येऊन थांबला. देवेशने पिंपातून टाचा काढल्या, पीठ पुसलं, खोबरेलाचं बोट दोन्हींवरून फिरवलं, आणि बाहेर येऊन दाराच्या डाव्या बाजूला, जमिनीवरच्या त्या दोन फिकट तळव्यांवर नेऊन ठेवल्या. अंगठे बाहेरच्या बाजूला, निघालेल्या माणसासारखे. मग पायरीवर बसून तो दुसरीकडे बघू लागला. आई दारात आली. टाचा कुठे आहेत ते तिने पाहिलं असणार, कारण मागे तिची पावलं थांबली. मग चौकटीवर तिचा हात टेकला, आणि एक पाय गेला, आणि दुसरा.

"बरोबर येऊ का?" त्याने न वळता विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि ते इतकं हळू म्हणाली की त्याला वाटलं ते त्याला ऐकू आलं नसून आठवलंच.

उतार लांबलचक नाही. पण बैलांचे पाय घसरू नयेत म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यात आडव्या खाचा ओढल्या होत्या. बैल विकले गेले, खाचा राहिल्या. आई पहिल्या खाचेशी पोचली. खेकड्यासारखी तिरकी झाली. खाली हिरामण टेंपोपासून एक पाऊल पुढे आला आणि थांबला, कारण पुढे यायचं नाही असं त्याला सांगितलेलं होतं. पायात त्याने नवे बूट घातले होते, नाड्या दोन वेगळ्या रंगांच्या. देवेश पायरीवर बसून राहिला. इथून पुढचं काही घडलेलं नाही हे आपलं ठरलेलं आहे. टाच अजून हवेत आहे, आणि ती टेकायच्या आत त्याने मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला आहे:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, कर्जत. विनंती अर्ज करतो की, अर्जदाराची आई सध्या उतरत असल्याने, ती खाली पोचून तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तालुक्यातील सर्व उतार सपाट समजण्यात यावेत. तेवढ्या वेळेपुरते हायवेवरील सर्व हॉर्न बंद ठेवण्यात यावेत. तिने कानात काय सांगितलं ते अर्जदारास कळवण्यात येऊ नये. आणि संध्याकाळी ती भेटीला, चहाला, अगर विसरलेलं उलथनं न्यायला म्हणून का होईना, वर येईल तेव्हा हाच उतार तिच्यासाठी उलट्या बाजूनेही उतारच धरण्यात यावा, ही नम्र विनंती.